डोळा नवा, जागल्या कोण?

धरमतरच्या खाडीतून कोळशाचे आणि लोहखनिजाचे बार्ज डोलवीच्या जेट्टीकडे जात असतात. याच रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला, फेब्रुवारी १९९३ मध्ये आरडीएक्स उतरले. १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. किनारा बिनपहाऱ्याचा नव्हता. कस्टम्स आणि पोलिसांतल्या काहींनी लाच घेऊन माल जाऊ दिला, हे पुढे खटल्यात सिद्ध झाले.

डोळ्याला पाहायला लावणारा कोण, असे केनोपनिषद विचारते. नौदल टेहळणीची हेलिकॉप्टरे बदलू पाहत असताना हा प्रश्न पोथीत ठेवून चालणार नाही.

नौदलाकडे २००३ पासून कामोव्ह-३१ ही टेहळणीची हेलिकॉप्टरे आहेत. उड्डाणानंतर त्यांची चाके वर ओढली जातात आणि पोटाखालचा सहा मीटर लांबीचा अँटेना उलगडून फिरू लागतो. उंचीचे मोल साध्या गणिताचे आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे जहाजाच्या डोलकाठीवरच्या रडारला समुद्रसपाटीलगतची वस्तू वीस-पंचवीस किलोमीटरपलीकडे दिसत नाही. तीन हजार मीटरवरून ती मर्यादा सव्वादोनशेच्या आसपास जाते. लाटांलगत येणारे क्षेपणास्त्र मिनिटाला पंधरा किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक कापते. ४ मे १९८२ रोजी फॉकलंडजवळ ब्रिटिशांच्या ‘शेफील्ड’ या युद्धनौकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळले आणि २० खलाशी गेले. ताफ्याकडे तेव्हा असा हवाई डोळा नव्हता. पण ‘ग्लासगो’ या सोबतच्या नौकेने धोका ओळखून इशारा दिला होता, आणि ‘शेफील्ड’ वेळेत हलली नाही, हेही तितकेच खरे.

म्हणून यंत्र जुने झाले तर ते बदललेच पाहिजे. दहा नव्या कामोव्हची खरेदी युक्रेन युद्धानंतर रखडली. दरम्यान, २०२४ मध्ये भारताने ३१ एमक्यू-९बी ड्रोनचा करार केला, त्यांतली १५ नौदलाची. पाहणारा आता आकाशात नसेल, जमिनीवरच्या पडद्यासमोर असेल.

इथे वेदान्तातला साक्षी आठवतो. तो पाहतो, पण पाहिलेल्याचे त्याला काही लागत नाही. मोक्षाच्या वाटेवर ही अलिप्तता थोर. पहाऱ्यावर ती घातक. महाभारतातल्या संजयाला दिव्य दृष्टी मिळाली, संहार थांबवण्याचा अधिकार मिळाला नाही. मराठी मुलखाची रीत याहून कडक होती. गावात चोरी झाली तर जागल्याने, म्हणजे गावच्या पहारेकऱ्याने, माग काढायचा, नाहीतर भरपाई द्यायची. पाहण्याचे उत्तरदायित्व माणसाच्या अंगावर होते, आणि तेच धर्माला धरून होते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कुलाब्याला रबरी होडीतून उतरलेल्या दहशतवादी तरुणांना पहिल्यांदा कोळ्यांनी हटकले. त्यांच्याकडे रडार नव्हते. किनारा आपला आहे ही जाण होती. फेब्रुवारी २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली. तेव्हा नव्या यंत्राच्या करारात पल्ला आणि किंमत याइतक्याच ठळकपणे हेही लिहावे लागेल: पडद्यावरचा ठिपका पाहून हुकूम कोण देणार, चुकल्यास जाब कोणाला विचारायचा आणि रायगड किनाऱ्यावरच्या रेवसच्या कोळ्याने दिलेली खबर त्या पडद्यापर्यंत किती वेळात पोचणार.