‘सोसायटी’ म्हणजे कोण?



‘सोसायटी’ हा इंग्रजी शब्द आपल्या घरात रोज येतो. खेड्यात सोसायटी म्हणजे पीककर्ज देणारी, शहरात सोसायटी म्हणजे आपण राहतो ती इमारत. 1860 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे सात माणसांच्या सह्या झाल्या की सोसायटी उभी राहते. पूज्य बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1955 साली बुद्धिस्ट सोसायटी ऑफ इंडिया. हिला आपण मराठीत ‘भारतीय बौद्ध महासभा’ म्हणतो. नाव भारदस्त आहे, पण सभा म्हटली की भाषण ऐकून घरी जायचे, एवढेच आपल्या डोक्यात येते.

मूळ लॅटिन शब्द ‘सोसियस’, म्हणजे सोबती. सोबत्यांची ती सोसायटी.

वर्गात मी तिचे मराठी ‘समाज’ असे सांगतो. आणि बाहेर? भाड्याची खोली शोधत होतो तेव्हा घरमालकाने अदबीने विचारले, “गुरुजी, आपला समाज कोणता?” जात विचारायची लाज वाटते, म्हणून समाज विचारतात. (खोली मिळाली नाही, हे सांगायला नकोच.)

1936 साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी भाषण लिहिले. मंडळाने अधिवेशनच रद्द केले, तेव्हा त्यांनी ते स्वतः छापले. त्यात हाच मुद्दा आहे. शेजारी राहिल्याने किंवा सारखे सण पाळल्याने समाज होत नाही. एकमेकांच्या जीवनात वाटेकरी व्हावे लागते. जातींची नुसती गोळाबेरीज म्हणजे समाज नव्हे.

ही कसोटी दुसऱ्यांना लावताना आपल्याला बरे वाटते. पण गेल्या महिन्यात माझ्या बहिणीला स्थळ आले. मुलगा बौद्ध, एम. ए., निर्व्यसनी. काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, “सोमवंशी की लाडवन?” भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेब. मी पदवीधर, तरी गप्प बसलो.

शाक्य कुमार संघात आले, तेव्हा त्यांनी भगवंतांना विनंती केली की, आमच्या उपाली न्हाव्याला आमच्याआधी प्रव्रज्या द्या. म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. चीवर अंगावर आल्याने ताठा आपोआप जात नाही, हे त्या राजपुत्रांना ठाऊक होते. आपल्याला ते ठाऊक आहे का?

पाहुणे येत्या रविवारी पुन्हा येणार आहेत. काका तोच प्रश्न विचारतील. या वेळी त्यांच्याआधी मी बोलणार आहे.