जुना विधी, नवी जोडी

पाचगणीहून पसरणीचा घाट उतरला की वाई. तिथल्या प्राज्ञपाठशाळेचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी जून 1933मध्ये पुण्यात एका लग्नाचे पुरोहित झाले. वर महात्मा गांधींचे पुत्र देवदास, वैश्य. वधू लक्ष्मी, राजगोपालाचारींची कन्या, ब्राह्मण. सनातन्यांच्या लेखी हा प्रतिलोम विवाह, म्हणजे निषिद्ध. शास्त्रीबुवांनी विधी वैदिकच ठेवला आणि लग्न लावलं.

मग तो विधी तोच राहिला का?

संगणकावर काम करणाऱ्यांना हा प्रश्न ओळखीचा आहे. 1998च्या व्हिज्युअल बेसिक 6मध्ये बांधलेला एखादा हिशेबाचा प्रोग्रॅम अजून चोख चालतो, आणि त्याच्या फॉर्मवर डॉट नेटमधलं नवं कंट्रोल बसवायचं असतं. जुन्याला फक्त ‘कॉम’ या त्याच्याही आधीच्या तंत्राची भाषा कळते. म्हणून नव्याभोवती एक आवरण घालतात. प्रोग्रॅम विचारतो, ‘हा इंटरफेस तुला येतो?’ आवरण म्हणतं, ‘येतो.’ आत काय दडलंय याची चौकशी होत नाही. किती जणांनी वस्तू धरून ठेवली आहे ही जुन्या पद्धतीची मोजणीसुद्धा आवरणच ठेवतं. शेवटच्याने हात सोडेपर्यंत आतलं कंट्रोल जिवंत राहतं.

‘कॉम’चा एक नियम मात्र फार कडक आहे. एकदा जाहीर केलेला इंटरफेस बदलायचा नाही. वेगळं काही द्यायचं असेल तर नवा इंटरफेस, नवा 128 बिटांचा ओळखक्रमांक. जुन्या नावाखाली गुपचूप फेरफार केला, तर विश्वासाने विसंबलेला प्रोग्रॅम ऐन कामात कोसळतो.

वाईच्या पंडितांचा प्रामाणिकपणा याच जातीचा. 1937पासून छापल्या गेलेल्या धर्मकोशात एकेका विषयावरची वचनं वेदकाळापासून कालक्रमाने लावली आहेत. ओळीने वाचत गेलं की धर्म बदलत आल्याचं उघड्या डोळ्यांनी दिसतं. अस्पृश्यतेला त्यांनी नवं आवरण शोधलं नाही. ती गेलीच पाहिजे, असं लक्ष्मणशास्त्री शास्त्राच्या आधाराने सांगत राहिले.

लग्नाचं वेगळं. सप्तपदीत दोघं एकमेकांना शब्द देतात, तो विधीचा गाभा. त्या सात पावलांत जात कुठेच विचारली जात नाही. म्हणून पुण्यातला तो विधी तोच होता, उसना किंवा भेसळीचा नव्हता.

त्या लग्नातून जन्मलेल्या राजमोहन गांधींनीच पुढे घाटमाथ्यावर, पाचगणीत, ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र उभं केलं.