अमर आहे ती आजी नव्हे

आजी गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण निघताना एक वाक्य ठेवून जायचा. देह जातो, आत्मा अमर आहे. आमच्या वाईच्या घराला हे वाक्य नवं नव्हतंच. काका शाळेत संस्कृत शिकवायचे, त्यामुळे त्या दिवसांत संध्याकाळी गीतेचा दुसरा अध्याय ओघानंच आला. जुनी वस्त्रं टाकून माणूस नवी घेतो तसा आत्मा देह बदलतो, हा श्लोक आला की त्यांचा आवाज जरा चढायचा. मी माजघरात बसून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, हा दृष्टांत देणाऱ्यानं आजीचं लुगडं पाहिलेलं नाही.

आजी वस्त्र टाकायचीच नाही. लुगडं आधी लग्नकार्याला, मग देवळात जायला, मग घरात. मधे विरलं की तेवढा भाग काढून ती दंड घालायची आणि आणखी काही वर्षं नेसायची. त्यानंतर ते गच्चीवर कुरडयांखाली अंथरलं जाई. मग त्याची फडकी व्हायची, एक भाकरीच्या टोपलीत, एक चुलीवरची भांडी उतरवायला. शेवटी पोतेरं. पोतेऱ्यात कुठं बोटभर काठ शिल्लक असेल तर तो चिमटीत धरून ती सांगायची, "हे तुझ्या बापाच्या मुंजीतलं इरकली." रंग गेलेला, पोत गेलेला, शेणानं कडक झालेलं ते कापड. तरी तिच्या लेखी ते अजून तेच लुगडं होतं.

माझी अडचण इथंच आहे. अमर आहे असं ज्याला म्हणतात त्याला रूप नाही, गुण नाही, नातं नाही. ताकात दोन बोटं मीठ जास्त घालणं, आकाशवाणीवर बातम्या सांगणाऱ्याला "हो, कळलं" असं उत्तर देणं, चातुर्मासात श्रीधरांचा हरिविजय वाचताना मधेच थांबून यशोदेच्या बाजूनं कृष्णाला झापणं, ही सगळी उपाधी. ती देहाबरोबर गेली. मागे उरलं ते म्हणे माझ्यात आहे, दूध घालणाऱ्यात आहे, ओट्यावरच्या मांजरातही आहे. असेल, आणि फार मोठी गोष्ट असेल. पण मी काही त्याच्यासाठी रडत नव्हते.

हा आक्षेप माझा नाही, बराच जुना आहे. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य घर सोडून निघतो तेव्हा बायकोला, मैत्रेयीला सांगतो, की मिठाचा खडा पाण्यात विरघळला की तो वेगळा काढता येत नाही, पण पाणी कुठूनही चाखा, खारटच लागतं. तसं हे. आणि मग म्हणतो की मेल्यावर संज्ञा, म्हणजे जाणीव, उरत नाही. त्यावर मैत्रेयी सरळ सांगते, की इथं तुम्ही मला गोंधळात टाकलंत. याज्ञवल्क्य पुढं पुष्कळ समजावतो, द्वैत असेल तरच कोणी कोणाला पाहणार वगैरे. तर्क चोख आहे. तरीही तिचं समाधान झालं की नाही हे उपनिषद सांगत नाही, आणि मला नेहमी वाटतं की ते झालं नसावं. नवरा निघालाय, त्यात तो सांगतोय की पुढं ओळखणारंच कोणी नसेल. गोंधळेल नाही तर काय?

गंमत म्हणजे, तत्त्वज्ञान जे मोडीत काढतं तेच आपले विधी मुकाट्यानं सांभाळतात. गरुडपुराण ऐकताना हे माझ्या पहिल्यांदा ध्यानात आलं. दहा दिवसांच्या पिंडांनी म्हणे प्रेताचा नवा देह घडतो, पहिल्या दिवशी डोकं, मग मान, खांदे असं करत शेवटी भूक आणि तहान. जो देह तुच्छ म्हणून सोडायचा, तोच दहा दिवस खपून पुन्हा बांधायचा! आणि दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा कृष्णेच्या काठावर सगळे आजीच्या इच्छा आठवू लागले. आत्याच्या धाकटीचं लग्न, परसातल्या लिंबाचं आळं, देव्हाऱ्यातली वाकडी झालेली समई. इच्छाही कशा, फक्त तिच्याच. काकांनी समई दुरुस्त करून आणीन म्हणून हात जोडले. सगळे गप्प झाले आणि मग कावळा आला. काका अजून श्रेय समईला देतात. कावळे गर्दीला बुजतात असं माझं मत आहे, पण त्या वेळी मी ते बोलले नाही.

बाराव्या दिवशी मात्र गाडी याज्ञवल्क्याच्या रुळावर येते. सपिंडीकरणात आजीच्या नावाचा भाताचा लांबट पिंड गुरुजींनी दर्भानं तीन भागांत तोडला आणि तिची सासू, आजेसासू आणि त्यांच्याही वरची सासू, अशा तिघींच्या पिंडांत तो कालवला. हातानं चांगला एकजीव केला, कुठला भात कुणाचा हे सांगता येऊ नये इतका. आजीचं आणि तिच्या सासूचं उभ्या जन्मात पटलं नव्हतं. माझ्या आईनं माझ्याकडं पाहिलं, मी आईकडं. सुतकात हसायचं नसतं.

यापुढं ती प्रेत नाही, पितर. बाबांच्या श्राद्धसंकल्पात ती आई म्हणून वसुरूप, भावाच्या संकल्पात आजी म्हणून रुद्ररूप, त्याच्या मुलाच्या वेळी आदित्यरूप. त्यानंतरच्या पिढीत तिचं नाव घेतलं जाणार नाही. सर्वपित्रीला जे सगळ्यांना मिळून जातं, त्यातलं काय ते तिचं. काहींना हे निष्ठुर वाटतं. मला ते अमरत्वाच्या वाक्यापेक्षा प्रामाणिक वाटतं. ज्यांनी तिच्या हातचं खारट ताक प्यायलं ते आहेत तोवर तिचं नाव, आणि वर एखादी पिढी ऐकीव माहितीवर. त्याहून जास्त आठवता येतं असा दावा विधी करत नाही.

आजीचं स्वतःचं मत काय होतं, तेही सांगायला हवं. एकदा काका तिला मोक्ष समजावत होते. तिथं दुःख नाही, भूक नाही, मी-तू नाही. ती वाती वळत होती. तिनं विचारलं, "मग सकाळी उठून करायचं काय?" काका म्हणाले, काही करायचं उरतच नाही. "मग नको मला," असं म्हणून तिनं पुढचा कापूस घेतला.

हा किस्सा निघाला की काका हसून म्हणतात, आई भोळी होती. मला हे पटत नाही. तुकोबांनी मुक्ती नाकारून गर्भवास मागितला तेव्हा त्यांना कोणी भोळं म्हटलं नाही. आणि श्रीभाष्यात रामानुजाचार्य अद्वैत्यांना हेच सुनावतात, की मोक्षात 'मी'च नाहीसा होणार असेल तर मोक्षाचं नाव काढताच माणूस तिथून उठून जाईल. काकांकडं तो ग्रंथ आहे. पान काढून द्यायची माझी तयारी आहे, पण ते शांकरमताचे. ते म्हणतात, तो पूर्वपक्ष आहे.