भूत आणि भूतकाळ

‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका संपली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गृहस्थांनी मला वाटेत थांबवले. “गुरुजी, संपला बघा आण्णांचा खेळ! आता रातच्याला करमायचं कसं?” त्यांचा स्वर असा, की ऐकणाऱ्याला वाटावे, गावचा पोशिंदाच गेला. मी हसलो. पण खरे सांगायचे तर मलाही चुकल्याचुकल्यासारखे होत होते.

मालिकेचे पहिले पर्व २०१६ साली आले. सावंतवाडीजवळच्या आकेरीत तिचे चित्रीकरण झाले. त्या पर्वाच्या आरंभीच अण्णा नाईक मरतात. २०१९ मध्ये दुसरे पर्व आले ते उलटे मागे गेले, आणि जिवंत अण्णा आपण पाहिले. मध्ये महामारीने खंड पडला. २०२१ मध्ये तिसरे पर्व आले, त्यात अण्णा आणि शेवंता भुते होऊन वाड्यात परतली. २०२२ मध्ये तेही संपले. आधी मरण, मग आयुष्य, मग भूत, असा हा उफराटा क्रम!

आता हे अण्णा होते कसे? बायकोला धाकात ठेवणारे, दुसऱ्याच्या जमिनीवर आणि दुसऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवणारे, वेळ आली तर जीव घेणारे. माधव अभ्यंकरांनी ते उभे केले ते इतके सच्चे, की पडद्यावरून त्यांची नजर फिरली की आमच्या घरातली पोरे गप्प होत. असा माणूस शेजारी राहायला आला तर आपण घर बदलू. मग तो गेल्यावर हळहळ कसली?

हळहळ अण्णांची नव्हे, त्या रात्रींची. साडेदहाला दिवा मालवायचा, एका वाकळेत सगळ्यांनी पाय घालायचे, आणि भ्यायचे. ती भीती गोड होती. आठवण अशीच असते. ती जमेची बाजू जपून ठेवते आणि नावेची पुसून टाकते. पहिल्या पर्वाच्या वेळी माझी आई त्या वाकळेत होती. शेवटच्या पर्वाला नव्हती.

त्या पहिल्या पर्वातलीच एक रात्र. कसलासा भयंकर प्रसंग चालला होता. मुलांना आणखी घाबरवावे म्हणून मी आमच्या मळ्याच्या वाटेवरच्या विहिरीतली हडळ सांगू लागलो. लहानपणी ऐकलेली ही गोष्ट मी शाळेतही कितीदा रंगवून सांगितली होती. आई एकदम म्हणाली, “ती हडळ नव्हती रं. सून होती. माझ्याच वयाची. मूल होत नाही म्हणून उपाशी ठेवायची तिला. समद्यांना ठावं होतं. कुणी बोललं न्हाई.”

मालिका पुढे चालू राहिली. माझे मात्र तिच्यात लक्ष लागेना.

आपल्या भाषेने एक मोठी गोष्ट करून ठेवली आहे. सरून गेले तेही भूत, आणि सरत नाही तेही भूतच. आपल्या भुतांची नावे पाहा. मुंजा म्हणजे सोडमुंज होण्याआधी गेलेला मुलगा. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समंध म्हणजे मागे कोणी नसताना, धनात जीव अडकून मेलेला. ही काही राक्षसांची यादी नव्हे. ही अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांची वही आहे. गोड आठवण नावेची बाजू पुसते, आणि भूत नेमकी तीच बाजू घेऊन दारात उभे राहते.

कोणी म्हणेल, गुरुजी अंधश्रद्धा शिकवू लागले. तसे नाही. या मालिकेवर २०१६ मध्ये कोकणातून हाच आक्षेप आला होता आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. जादूटोणाविरोधी कायदा आपल्याकडे २०१३ मध्ये झाला, तो दाभोलकरांच्या प्राणाचे मोल देऊन. आमच्या दौंड-शिरूरच्या उसात रात्री पाणी द्यायला जाणारा माणूस बिबट्याला भितो, वेताळाला नव्हे. त्याचेच बरोबर आहे. भूत नाही, असेच मीही मानतो.

पण मग एक प्रश्न उरतो. भूत नसेल, तर त्या सुनेचा हिशोब मागायला येणार कोण? भूत मानणाऱ्याला निदान धाक तरी होता, की ती परत येईल. न मानणाऱ्याला तेवढीही सोय नाही. मेलेले परत येत नाहीत, म्हणूनच जिवंतांनी विचारले पाहिजे. भुतावरचा विश्वास सोडला म्हणून देणे फिटत नाही. उलट ते सगळे आपल्याच अंगावर येते.

धनत्रयोदशीला आपण दक्षिणेकडे वात करून यमाचा दिवा लावतो, घरात कोणाला अपमृत्यू येऊ नये म्हणून. गेल्या वर्षी मी एक पणती त्या विहिरीच्या काठावर नेऊन ठेवली. मुले बरोबर होती. त्यांना मी गोष्ट सांगितली, या वेळी हडळीची नव्हे, सुनेची.

धाकटीने विचारले, “तिचं नाव काय होतं?”

मला सांगता आले नाही. आईला विचारायचे राहून गेले होते.