मत हे दान नव्हे

वाढते गाव आणि त्या गावातील यशस्वी व्यापारी यांची गाठ नगरपालिकेच्या दारात कधी ना कधी पडावयाचीच. ज्याने लहानशा दुकानाची पेढी केली आणि शे-दीडशे घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, त्याच्या मनात येते की हेच कर्तृत्व गावाच्या कारभारात का दाखवू नये? गावालाही तसेच वाटते. पेडण्यासारख्या भागात हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. २०२२ च्या डिसेंबरात मोपाच्या पठारावरील विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि ज्या भरडाची किंमत काल काजूच्या पिकावरून ठरत होती तिची आज चौरस मीटरवर होऊ लागली. बांधकामाचा परवाना ज्या कचेरीतून मिळावयाचा, तिच्या अध्यक्षाच्या खुर्चीला त्यामुळे पूर्वी नव्हते असे मोल आले आहे.

उमेदवार व्यापारी आहे एवढ्यावरून नाक मुरडणे आम्हांस मान्य नाही. हितसंबंध कोणास नसतात? भाटकारास असतात, आम्हां वकिलांसही असतात. शिवाय हिशेब ठेवणे, दिलेला शब्द वेळेवर पाळणे आणि माणसे पारखणे हे गुण सार्वजनिक कारभारास हवेच आहेत. इंग्लंडातील बर्मिंगहॅम हे कारखान्यांमुळे झपाट्याने वाढलेले शहर. स्क्रूच्या कारखान्यात भरभराटीस आलेले जोसेफ चेंबरलेन १८७३ साली तेथील महापौर झाले. तीन वर्षांच्या आत त्यांनी खाजगी कंपन्यांच्या हातातील गॅस आणि पाणी शहराच्या मालकीचे केले. मात्र त्याच काळात, १८७४ साली, त्यांनी कारखान्यातील आपला हिस्सा विकून टाकला. व्यापारातील कसब त्यांनी बरोबर नेले, व्यापार मागे ठेवला. हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे.

व्यापाऱ्याची नीती आणि कारभाऱ्याची नीती यांत फरक आहे तो इतकाच, की व्यापारी आपल्या नावाचे खाते राखतो आणि कारभारी दुसऱ्याच्या नावाचे. पहिल्यास नफा हे भूषण. दुसऱ्यास तोच कलंक. न्यासाच्या कायद्याचा जुना नियम असा, की विश्वस्ताने न्यासाच्या मालमत्तेतून स्वतःचा लाभ करून घेऊ नये. देवस्थानाच्या महाजनांस हे कायद्याच्या पुस्तकावाचूनही ठाऊक असते. देवाच्या समईतील तेल आपल्या घरच्या दिव्यात घालणारा माणूस कितीही मोठा असो, गाव त्यास चोरच म्हणते. १९६८ च्या गोवा नगरपालिका कायद्यानेही पालिकेच्या कंत्राटात ज्याचा वाटा आहे त्यास नगरसेवकपदास अपात्र मानले आहे.

येथवर वाद नाही. खरी अडचण पुढे आहे, आणि ती उमेदवाराची नसून आपली आहे. हा गृहस्थ बहुधा दाता असतो. देवळाच्या सभामंडपास त्याने लाद्या घातलेल्या असतात, जत्रेच्या महाप्रसादाचा खर्च उचललेला असतो, कोणाच्या मुलाची फी भरलेली असते. निवडणुकीत मतासाठी वाटलेली वस्तू कायदा लाच म्हणून ओळखतो. दहा वर्षांपूर्वी निर्मळ मनाने केलेला उपकार तो ओळखत नाही, आणि ओळखूही नये. पण तो उपकार आपल्या स्मरणात असतो. मग मतपेटीपुढे उभे राहिल्यावर सज्जन मनुष्यास वाटते, ह्यांचे खाल्ले आहे, ह्यांना 'नाही' कसे म्हणावे? लोभाने विकलेल्या मताचा निषेध करणे सोपे आहे. कृतज्ञतेने दिलेल्या मतास काय म्हणावे?

आमच्या मते घोटाळा 'मतदान' या शब्दापासून सुरू होतो. दान आपल्या मालकीच्या वस्तूचे करता येते. मत आपल्या मालकीचे आहे काय? ते आपल्या हाती आहे खरे, पण ज्यांना अजून मत नाही अशा मुलांच्या, आणि ज्याची शेजारची विहीर उद्या आटेल अशा माणसाच्या वतीने ते आपल्याकडे ठेवलेले आहे. तीही एक ठेवच. परक्याच्या ठेवीतून स्वतःचे ऋण फेडणाऱ्या मुनिमास आपण कृतज्ञ म्हणत नाही. ऋण असेल तर ते घरच्या पैशाने, श्रमाने, अडीअडचणीला धावून जाऊन फेडावे.

दात्याच्या बाजूनेही विचार करावा. दान देताना 'न मम' म्हणावयाचे असते. परत मागितलेले दान हे दान राहत नाही. ती उधारीची विक्री ठरते. शिवछत्रपतींनी १६६८ साली डिचोली महालातील नार्व्याच्या श्रीसप्तकोटीश्वराचे देऊळ पुन्हा उभारले. त्या देवळाच्या दारी आजही त्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते त्या देण्यामागे परतफेडीची अट नव्हती म्हणूनच.

आपल्याकडे या प्रश्नाची एक मोठी कसोटी होऊन गेली आहे. पेडण्याचे भाऊसाहेब बांदोडकर खाणमालक होते आणि दानशूर म्हणून त्यांची ख्याती होती. २० डिसेंबर १९६३ रोजी ते गोवा, दमण व दीवचे पहिले मुख्यमंत्री झाले. पुढे विलीनीकरणाचा प्रश्न जनतेपुढे ठेवण्याचे ठरले, तेव्हा कौल निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून सरकारने राजीनामा द्यावा अशी विरोधकांची मागणी होती. डिसेंबर १९६६ मध्ये त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. आपल्याच दाव्यात आपण न्यायाधीश असू नये, हे न्यायाचे तत्त्व येथे पाळले गेले. १६ जानेवारी १९६७ च्या कौलात त्यांची बाजू ३४,०२१ मतांनी हरली. त्याच मतदारांनी मार्च महिन्यात त्यांच्या पक्षास पुन्हा सत्तेवर बसविले. त्या कौलाचा जुना वाद आम्हांस येथे उकरून काढावयाचा नाही. पेडणे-डिचोलीचा कल त्यात कोणीकडे होता हे सर्वविदित आहे. आम्हांस दाखवावयाचे आहे ते असे, की गोव्याने एकाच माणसास जानेवारीत 'नाही' आणि मार्चमध्ये 'होय' म्हटले. यात ना कृतघ्नता होती, ना लाचारी. लोकांनी प्रश्न निरनिराळे ओळखले, एवढेच.

तेव्हा उद्या एखादा सन्माननीय व्यापारी आपल्या दारी मत मागावयास आला, तर त्यास आसन द्यावे, पाणी द्यावे, केलेल्या उपकाराचा उच्चारही मोकळ्या मनाने करावा. मग विचारावे : नगरपालिकेच्या हद्दीत आपल्या जमिनी कोठे आहेत? आपल्या किंवा आप्तांच्या परवान्याचा विषय निघाला, तर आपण खुर्ची सोडून बाहेर जाल काय? गोव्यात नगराध्यक्षाची निवड नगरसेवक करतात; ते नगरसेवक आपल्या देण्याने बांधलेले तर नाहीत ना?

जो या प्रश्नांनी दुखावेल, त्याने दिलेले दान अजून त्याच्या वहीत येणे म्हणून मांडलेले आहे असे समजावे. जो शांतपणे उत्तर देईल, त्यास मत देताना आपणांस संकोच वाटण्याचे कारण नाही, आणि न देतानाही नाही.