चप्पल उचलण्याआधी

पावसाळ्यात संध्याकाळी दिवा लावला की भिंतीवर लांबच लांब पायांचा एक किडा येऊन बसतो. ‘अगबाई, केवढा डास!’ म्हणत घरातलं कुणीतरी चप्पल उचलतं. तो डास नाहीच. त्याला चावताच येत नाही. पाय इतके नाजूक की जरा धक्का लागला तरी गळून पडतात. लहानपण ओल्या मातीत आणि कुजक्या पाल्यात गेलेलं असतं. जवळ जाऊन पाहिलं तर पंखांच्या मागे टाचणीसारख्या दोन बारीक दांड्या दिसतात. माश्या आणि डासांच्या सगळ्या गोतावळ्याची हीच खूण. पंख दोनच, आणि दुसऱ्या जोडीच्या जागी उडताना तोल सांभाळणाऱ्या या दांड्या.

भीती बाळगावी असा डास मात्र लहानसाच असतो. काळा, पायांवर पांढरे पट्टे, दिवसाढवळ्या चावणारा. हा डेंग्यूचा एडिस. तो गटारात शोधायचा नाही. तो आपल्याच पिंपात, कूलरमध्ये, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये वाढतो. म्हणून महापालिकेची माणसं बॅटरी घेऊन घरात येतात, तेव्हा त्यांना दारातूनच ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणू नये.

या ओळखींसाठी माणसांनी केवढे कष्ट घेतलेत! कीटकशास्त्रज्ञ ब्रुनेत्ती यांचा, भिंतीवरच्या त्या लांब पायांच्या किड्यासारख्या माश्यांवरचा ग्रंथ 1912चा, कीटकशास्त्रज्ञ बॅरॉड यांचा डासांवरचा 1934चा. पंखातली शीर कुठे वळते, हेही त्यांनी टिपून ठेवलं. आपल्याला एवढं नको. मधमाशीसारखी दिसणारी, हवेत एका जागी थांबणारी फूलमाशी ओळखता आली, तरी पुष्कळ. तिच्या अळ्या पिकावरचा मावा खातात. फवारणीआधी हे ठाऊक असलेलं बरं.

आज घराबाहेर पडण्यापूर्वी कुंडीखालची बशी बघा. अळ्या डोकं खाली करून पाण्यात तिरक्या लोंबत असतील, तर एडिस किंवा क्युलेक्स नावाचा दुसरा डास. पाण्याच्या पृष्ठाला समांतर आडव्या पडल्या असतील, तर मलेरियाचा अ‍ॅनोफेलिस. मोठेपणी तो बसतो मात्र तिरका, शेपटाकडची बाजू वर करून! कोणत्याही असोत, ते पाणी गटारात टाकू नका, कोरड्या मातीत ओता. बशी घासून ठेवा, कारण एडिसची अंडी तिच्या कडेला चिकटून राहतात.