राखीव पाणी

उन्हाळा लागला की जयपूरच्या जवाहर नगरात ट्रॅक्टरमागे डुलत निघालेले पाण्याचे टँकर दिवसभर दिसतात. एका अंगाला आखीव सेक्टर, दुसऱ्या अंगाला अरवलीच्या टेकडीला बिलगून वर चढत गेलेली कच्ची बस्ती. ‘टीला नंबर एक’, ‘टीला नंबर दोन’ असे तिथले पत्ते. या शहराची तहान एके काळी रामगढचे धरण भागवायचे. १९८२च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती ज्या पाण्यावर झाल्या, ते पाणी पुढे आटून गेले. आता टोंक जिल्ह्यात बनास नदीवर बांधलेल्या बिसलपूर धरणातून पाणी येते, आणि जिथे नळ पुरत नाही तिथे टँकर जातो.

हा टँकर आगीच्या वेळी काय करू शकेल, याचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. २०२२च्या मार्चअखेरीस शेजारच्या अलवर जिल्ह्यात सरिस्काचे जंगल पेटले, तेव्हा हवाई दलाची दोन हेलिकॉप्टरे सिलीसेढ तलावातून बादलीने पाणी उचलून डोंगरावर ओतत होती. त्या बादलीत एका खेपेला सुमारे साडेतीन हजार लिटर पाणी मावते. जयपूरच्या गल्लीतून जाणारा साधा टँकर चार-पाच हजार लिटरचा असतो. डोंगरमाथ्यावर तो पोहोचणार नाही, हे खरे. पण वणवा माथ्यावर सुरू होतोच असे नाही. रस्त्याकडेच्या वाळल्या गवतात, पायथ्याच्या कचऱ्यात, कुणाच्या तरी चुलीजवळ तो जन्मतो. तेव्हा तो दोन-चार हात एवढाच असतो आणि त्या वेळी शेजारी उभे असलेले पाचशे लिटर पाणी पुरेसे असते. तासाभराने पाच हजारही अपुरे पडतात.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. विजेच्या तारा घासून ठिणगी पडते आणि तोडणीला आलेला ऊस पेटतो. कारखान्याचा बंब निघेपर्यंत माणसे कोयते घेऊन मधला पट्टा तोडायला धावतात. जळीत ऊस तातडीने घालवावा लागतो. वजन घटते ते वेगळेच. नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात दोन ओळींमधून सहज जाणारे मिनी ट्रॅक्टर घरोघर आहेत. पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचे, मागे फवारणीची टाकी आणि ट्रॅक्टरच्याच इंजिनावर, पीटीओ दांड्यावरून चालणारा एचटीपी म्हणजे जास्त दाबाचा पंप. असा पंप मिनिटाला तीस-चाळीस लिटर पाणी फेकतो, म्हणजे सहाशे लिटरची टाकी पंधरा ते वीस मिनिटे चालते. औषधाची टाकी धुऊन साधे पाणी भरले आणि हातात गन घेतली, की गवताची, गंजीची, गोठ्याची कोवळी आग आवरायला हे साधन कामाचे. बारीक फवाऱ्याचा फायदाही मोठा. पाणी उकळीपर्यंत तापताना जेवढी उष्णता शोषते, त्याच्या जवळजवळ सातपट ते वाफ होताना शोषते. म्हणून भसकन ओतलेल्या पाण्यापेक्षा तुषार आगीला लवकर थंड करतात. पेटत्या तेलावर आणि चालू विजेवर मात्र पाणी मारायचे नाही.

जवाहर नगरच्या बस्तीतल्या अरुंद, चढाच्या गल्लीला असाच लहान ट्रॅक्टर हवा, मोठा बंब तिथे वळणारच नाही. पण लहान ट्रॅक्टरची ताकद ओढण्यात कमी पडत नाही, थांबवण्यात पडते. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. ट्रॅक्टर स्वतः जेमतेम पाऊण-एक टनाचा, आणि मागच्या टाकीला बहुधा ब्रेक नसतो. चढावर तो ती ओढून नेईल. उतारावर मात्र टाकीच त्याला ढकलू लागते. म्हणून उतरायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, न्यूट्रलवर कधीच सोडायचे नाही आणि दोन्ही ब्रेक पेडल एकत्र अडकवून ठेवायचे. शेतात वळण्यासाठी ती सुटी ठेवण्याची सवय रस्त्यावर घात करते. टाकी जोडायची ती खालच्या हुकालाच. वर कुठे जोडली तर चढावर पुढची चाके उचलतात. अर्धी भरलेली टाकी सर्वांत वाईट, कारण वळणावर आतले सगळे पाणी एका बाजूला धावते. ज्या टाकीत पाण्याची धाव अडवणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या नाहीत ती काठोकाठ भरून न्यावी, नाहीतर रिकामी. भरून ओढवत नसेल तर टाकी लहान घ्यावी. घाईत निघालेली मदत वाटेतच उलटली तर आग आणि अपघात दोन्ही गावाच्या गळ्यात.

एवढे सगळे जमवता येते. अवघड गोष्ट वेगळीच आहे: ती टाकी भरलेली ठेवणे. मे महिन्यात घरात हंडा रिकामा असताना दारातल्या हजार लिटरला कोणी हात लावायचा नाही, हे सांगणे सोपे नाही. ज्या आईला पोराला आंघोळ घालायची आहे तिला ‘हे आगीसाठी आहे’ म्हणून परत पाठवायचे, तेही अशा आगीसाठी जी लागलेली नाही आणि कदाचित लागणारही नाही. पाण्याचा सुकाळ असलेल्या वस्तीत राखीव टाकी ही फक्त सोय असते. तहानलेल्या वस्तीत ती सगळ्यांनी मिळून केलेला त्याग असतो. म्हणून मला वाटते, ती टाकी एखाद्या पुढाऱ्याने किंवा टँकरवाल्याने भेट देऊन उभी करू नये. वस्तीने बसून ठरवावे, किल्ली कोणाकडे, ट्रॅक्टर कोणाचा, रात्री चालवणार कोण. स्वतः ठरवलेले पाणी माणसे चोरत नाहीत.

त्या आईलाही उत्तर देता येते. टाकीतले पाणी दर आठवड्याला बदलायलाच हवे. साचून राहिले की डास होतात, गाळ बसून पंपाची जाळी तुंबते. तेव्हा ठरलेल्या दिवशी ते काढून धुण्याभांड्यांना, जनावरांना, दारच्या लिंबाला द्यावे, आणि टाकी त्याच दिवशी पुन्हा भरून झाकण लावावे. त्याच वेळी पंप सुरू करून पाहावा, पाइप उलगडावा, चाकांतली हवा बघावी. देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४च्या १४ एप्रिलला मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ तो पाळतात. राजस्थानात तेव्हा ऊन चढू लागलेले असते. पहिली टाकी भरायला तो आठवडा चांगला, आणि शेवटची रिकामी करायला जुलैचा पहिला जोरदार पाऊस.